मन मानतं, अंग मानत नाही : आघातातून सावरताना शरीराचं काम काय?

पायवाट (धागाकर्ती)

मागून आलेल्या ट्रकने आमची गाडी ठोकली, त्याला आता बराच काळ लोटला. हाडं जुळली, टाके निघाले, विम्याची कटकटही संपली. समुपदेशनाला नेमाने जात होते. काय झालं ते आता मी कोणालाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत न रडता सांगू शकते. चूक माझी नव्हती हे मला खरोखर पटलंय, नुसतं पाठ झालेलं नाही.

पण मागून जोरात हॉर्न वाजला की मानेपासून कमरेपर्यंत सगळं ताठ होतं. तळवे ओले होतात. शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येतं, कळत नाही. दुसरं कोणी गाडी चालवत असलं की माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो, माझ्या बाजूला ब्रेक नसतानाही. सकाळी जबडा दुखत असतो, कारण रात्रभर दात आवळलेले असतात. फिजिओने तपासून सांगितलं की स्नायूंना आता काही झालेलं नाही.

एका मैत्रिणीचं म्हणणं, आघात शरीरात साठतो आणि तो ‘रिलीज’ करावा लागतो. तिने लगोलग एका शिबिराची जाहिरातही पाठवली. मी अर्धी पटलेय, अर्धी बिचकलेय. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे साठणं वगैरे खरं असतं का? आणि ज्यांना अशातून जावं लागलंय त्यांना शरीराच्या बाजूने काय केल्याचा उपयोग झाला? ‘सोडून दे आता’ हा सल्ला कृपया नको. तो मला घरबसल्या मिळतो.

कातरवेळ

वाचतेय. वडील अतिदक्षता विभागातून घरी येऊन बरे झालेत, पण मायक्रोवेव्हची बीप वाजली की त्यांचा चेहरा उतरतो. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. त्यामुळे या धाग्यावर बसून आहे.

मनोवैद्य

पायवाट, मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल.

स्नायूंत आठवण साठत नाही. साठतो तो प्रतिसाद, आणि तो शिकलेला असतो मेंदू. धोका जाणवला की अ‍ॅमिग्डाला हा मेंदूचा छोटा भाग, नीट विचार व्हायच्या आधीच, सगळ्या शरीराला कामाला लावतो. हृदय जोरात धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली लढा किंवा पळा ही जी प्रतिक्रिया मांडली ती हीच. त्याच वेळी मेंदूच्या देठातून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि त्या क्षणाचे तपशील खोल कोरले जातात : आवाज, वास, प्रकाश. पण हे कधी झालं, कुठे झालं आणि मुख्य म्हणजे ते संपलं, ही चौकट बसवणारा हिप्पोकॅम्पस अशा वेळी नीट काम करू शकत नाही. म्हणून हॉर्न ऐकल्यावर तुम्हाला अपघात ‘आठवत’ नाही, तो आत्ता होतोय असं शरीर वागतं.

याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. धडधड, आवळलेलं पोट, अडकलेला श्वास यांच्या खबरा उलट मेंदूकडे जातात आणि मेंदू त्यांनाच पुरावा मानतो : छाती धडधडतेय म्हणजे धोका असणारच. असं हे एकमेकांना चालना देणारं चक्र आहे. त्यात कुठूनही शिरता येतं, विचारांकडून किंवा शरीराकडून. माझ्या लेखी शरीराचं महत्त्व इतकंच आहे, आणि ते कमी नाही.

हे ज्ञान फार नवीन आहे असंही नाही. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ (तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांची कोलमडलेली अवस्था) हा शब्द १९१५ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या युद्धातल्या सैनिकांवर उपचार केलेल्या अ‍ॅब्रम कार्डिनर यांनी १९४१ साली स्पष्ट लिहिलं की हा आजार जितका मनाचा तितकाच शरीराचा आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर रेंगाळणारा हा आजार, हे नाव अधिकृत यादीत यायला मात्र १९८० साल उजाडलं.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात एकदा तरी आघात ठरू शकेल असा प्रसंग येतो. त्यातल्या ५.६ टक्क्यांनाच पीटीएसडी होतो. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपलं आपण निवळतं. त्यामुळे दचकणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो. पण बराच काळ लोटूनही निवळत नसेल, तर ‘वेळ हेच औषध’ म्हणत बसण्यात अर्थ नाही.

तिरकस

डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात स्नायूंचा निकाल लावला, बरं वाटलं. आता शिबिरवाल्यांबद्दल मी बोलतो.

सध्या जो तो ‘व्हेगस नर्व्ह’ (मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी नस) जागी करायला निघालाय. या सगळ्यामागे स्टीफन पोर्जेस यांची १९९०च्या दशकातली पॉलिव्हेगल उपपत्ती आहे. गोठून जाणं व्हेगसच्या जुन्या शाखेमुळे, माणसात मिसळणं नव्या शाखेमुळे, आणि नवी शाखा फक्त सस्तन प्राण्यांत, अशी साधारण मांडणी. ऐकायला झकास. पण श्वासाबरोबर हृदयाचे ठोके जे कमी-जास्त होतात ते व्हेगसच्या ताकदीचं सरळ माप नाही, असं ग्रॉसमन आणि टेलर यांनी २००७ साली सविस्तर दाखवलं. २०१८ मध्ये फुफ्फुसमाशात हृदय आणि श्वास यांचा तसाच मेळ सापडला, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या मक्तेदारीलाही धक्का. तरी शिबिरांत ती उपपत्ती पाढ्यासारखी म्हणून घेतात.

पायवाट, ‘साठलेला आघात सोडवून देतो’ असं म्हणणाऱ्याला विचार : कुठे साठलाय, सुटला हे कशावरून कळणार, आणि सुटला नाही तर दोष कोणाचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘तुमचाच’ असं मिळेल.

पायवाट

तिरकस, मुद्दा पोचला. पण डॉक्टर, मग एवढं बोलूनही का उरलं? मी काही लपवलेलं नाही. सगळं बोलले.

मनोवैद्य

बोलणं आणि बोलणं यात फरक असतो. तुमच्या समुपदेशनात काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो.

घडलेली गोष्ट समजून घेणं, दोष कोणाचा ते उलगडणं, याने अपराधभाव आणि लाज खूप हलकी होते. पण हॉर्न ऐकून ताठ होणं हे मत नाही, शिक्षण आहे. ते बदलायला त्याच जागी दुसरं शिक्षण व्हावं लागतं. एड्ना फोआ यांच्या दीर्घ सामोरं जाण्याच्या उपचारात म्हणूनच दोन भाग असतात. एक, घटना पुन्हा पुन्हा तपशिलात सांगणं. दुसरा, टाळलेल्या ठिकाणी, आवाजांत, गर्दीत प्रत्यक्ष आणि टप्प्याटप्प्याने जाणं. दुसरा भाग सगळा शरीराने करायचा असतो. ‘बोलण्याचा उपचार’ म्हणून तो ओळखला जातो, पण खुर्चीत बसून पुरा होत नाही.

यात एक बारकी गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा तुम्ही गाडीत बसलात, पण सगळा वेळ हँडल घट्ट धरून, श्वास रोखून, पाय त्या नसलेल्या ब्रेकवर दाबून. प्रवास सुखरूप झाला. मेंदू काय शिकला? ‘मी आवळून बसले म्हणून वाचले.’ असे शंभर प्रवास केले तरी भीती जागची हलत नाही. पण तोच प्रवास पाय जमिनीवर सैल ठेवून, हात मांडीवर ठेवून केला, भीती वर चढू दिली आणि ती आपोआप उतरते हे अनुभवलं, तर नवीन काहीतरी शिकलं जातं. मानसोपचारात याला सुरक्षा-वर्तन सोडणं म्हणतात. तुमच्या त्या पायाबद्दल उपचारकाशी बोला. मला तो पाय महत्त्वाचा वाटतो.

जुनं शिक्षण पुसलं जात नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. त्याच्या शेजारी नवीन तयार होतं आणि हळूहळू वरचढ ठरतं. दमलेले असाल, आजारी असाल, ध्यानीमनी नसताना तसलाच आवाज आला, तर जुनं डोकं वर काढतं. त्याचा अर्थ सगळं मुसळ केरात असा होत नाही.

बोलता न येण्याबद्दलही थोडं. १९९६ मधल्या एका मेंदूप्रतिमा अभ्यासात पीटीएसडी असलेल्यांना त्यांच्याच घटनेचं वर्णन ऐकवलं, तेव्हा भाषेशी संबंधित ब्रोका क्षेत्रातली हालचाल मंदावलेली दिसली. अभ्यास अगदी छोटा, माणसं आठच. त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘त्या वेळी शब्दच फुटत नाहीत’ हे रुग्ण सांगतात ते नाटक नसतं, हे घरच्यांना पटवायला मी तो अभ्यास वापरतो.

निर्झरा

हे लिहावं की नाही यावर खूप विचार केला. तपशील देणार नाही, कोणी विचारूही नये.

माझ्यावर अत्याचार झाला तेव्हा मी ओरडले नाही, ढकललं नाही, पळाले नाही. हलताच आलं नाही. हात आहेत हे कळत होतं, ते उचलता येत नव्हते. नंतर मला सगळ्यात जास्त कशाने पोखरलं असेल तर याने. जे घडलं त्याहूनही जास्त. मी सहन केलं म्हणजे मला चाललं का? दुसऱ्या कोणी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारायचे. पुढे इतरांनीही विचारलंच.

माझ्या उपचारकाने मला एका स्वीडिश अभ्यासाबद्दल सांगितलं. अत्याचारानंतर महिन्याभराच्या आत स्टॉकहोममधल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांना त्या वेळच्या शारीरिक स्थितीबद्दल विचारलं होतं. ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात गोठून गेल्याचं सांगितलं, ४८ टक्क्यांनी टोकाचं. २०१७ साली तो छापून आला. अशी अवस्था अनेक प्राण्यांत दिसते आणि ती इच्छेने आणता येत नाही, इच्छेने मोडताही येत नाही, हेही माझ्या उपचारकाने समजावलं. गोठलेल्या स्त्रियांना पुढे सहा महिन्यांनी पीटीएसडी आणि नैराश्याचा त्रास जास्त असल्याचंही त्यात होतं. ते ऐकून खरं तर घाबरायला हवं होतं. मला रडू आलं ते सुटल्यासारखं. माझ्या शरीराने माझा विश्वासघात केला असं मी धरून चालले होते. ते तर त्याला येत होतं तेच करत होतं.

त्यानंतर कुठे मी शरीराकडे बघायला तयार झाले. आधी एका योगवर्गाला गेले होते. दिवे मंद, डोळे मिटा, सैल सोडा. शवासनात शिक्षिकेने न विचारता खांदे दाबले. मी चटई तिथेच टाकून बाहेर पडले. बाई वाईट नव्हत्या, त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

पुढे आघातानंतरच्या लोकांबरोबर काम करणारी दुसरी शिक्षिका मिळाली. आसनं तीच, पद्धत अगदी वेगळी. ‘हात वर घ्या’ असं ती कधी म्हणत नाही. ‘हात वर घेऊन बघावंसं वाटलं तर बघा, नको असेल तर इथेच थांबा’ असं म्हणते. डोळे उघडे चालतात. दरवाजा दिसेल असं बसायचं. ती फिरून कोणाच्या मागे जात नाही आणि हात लावत नाही, म्हणजे नाहीच. पहिले काही वर्ग मी प्रत्येक आसन अर्ध्यावर सोडत होते, फक्त सोडता येतं हे बघण्यासाठी! ताण जाणवला, मी ठरवलं, मी हलले. ज्या दिवशी मला हलता आलं नव्हतं त्याच्या बरोबर उलट. माझ्यासाठी उपाय तोच होता, लवचीकपणा वगैरे नंतरचं.

मनोवैद्य

निर्झरा, लिहिल्याबद्दल आभार. तुम्ही वर्णन केलेल्या पद्धतीवर अभ्यास झालेले आहेत, तिरकस यांच्यासाठी लिहितो. दीर्घकाळ उपचार घेऊनही बरं न वाटलेल्या ६४ स्त्रियांवर २०१४ साली एक चाचणी छापली गेली. दहा आठवडे आठवड्यातून एक वर्ग. योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी शेवटी पीटीएसडीच्या निकषात बसत नव्हत्या; आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटात २९ पैकी ६. पुढे २०२३ मध्ये लष्करी सेवेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या १३१ माजी सैनिक स्त्रियांच्या चाचणीत असाच योग मान्यताप्राप्त विचारप्रक्रिया उपचाराच्या तोडीस तोड उतरला, आणि योग पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. मधेच सोडून न जाणं ही आमच्या क्षेत्रात फार मोठी गोष्ट आहे.

तिरकस

आकडे पाहिले. मान्य. दोन्हीकडे फक्त स्त्रिया आणि संख्या मध्यम, एवढी नोंद करून गप्प बसतो. (फार वेळ नाही.)

निर्झरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तिथे माझं काही म्हणणं नाही.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट. ‘स्नायूंना काही झालेलं नाही’ हे वाक्य आमच्या लोकांनी जरा जपून वापरावं असं मला वाटतं. स्नायू फाटलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. सतत पहाऱ्यावर ठेवलेला स्नायू दुखतो, आणि ती दुखणारी मान दर वेळी अपघाताची आठवण करून देते. आठवण आली की मान पुन्हा आवळते. शार्प आणि हार्वी यांनी २००१ साली मांडलं होतं की जुनाट वेदना आणि पीटीएसडी एकमेकांना पोसतात. एकाच टोकाला उपचार केला तर दुसरं टोक त्याला परत ओढून आणतं. माझ्याकडे असे रुग्ण सारखे येतात आणि निम्म्यांना कोणी झोपेबद्दल विचारलेलंच नसतं.

पायवाट, आता दुसऱ्या प्रश्नाकडे. श्वास सोडताना हृदय किंचित मंदावतं, घेताना वेग घेतं. म्हणून उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवला की धडधड थोडी उतरते. एवढं शरीरशास्त्र पक्कं आहे, त्याला कुठल्या उपपत्तीची गरज नाही. पण खोल खोल श्वास घेऊ नका. भराभर मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. हलका श्वास आत, सावकाश बाहेर.

आणि श्वास सगळ्यांना मानवतोच असं नाही. गुदमरण्याचा, बुडण्याचा, गळा दाबला जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांना ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणणं म्हणजे थेट तिथेच नेऊन उभं करणं. त्यांच्यासाठी तळपायांचा जमिनीवरचा दाब, हातातल्या वस्तूचं वजन, खोलीतले आवाज हे जास्त सुरक्षित. लक्ष शरीराच्या कडेवर किंवा बाहेर, आत नाही.

व्यायामाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. रुग्णालयात दाखल असलेल्या पीटीएसडीच्या ८१ रुग्णांवर २०१५ मध्ये एक चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराला व्यायामाची जोड दिलेल्या गटाची लक्षणं जास्त कमी झाली. व्यायामात आणखी एक फायदा दडलेला असतो. पळताना छाती धडधडते, घाम येतो, दम लागतो, म्हणजे घाबरल्यावर होतं तेच. फक्त इथे ते आपण सुरू केलेलं असतं आणि आपण थांबवू शकतो. धडधड म्हणजे धोका, ही जोडी तुटायला त्याने मदत होते. सुरुवात मात्र चालण्यापासून. काहींना पहिल्या धडधडीलाच झटका येतो, म्हणून बरोबर कोणी असेल तर उत्तम.

रिकामा_पोहरा

इथले सगळे जास्त जाणवण्याबद्दल बोलताहेत. माझं उलट आहे.

लहानपणी घरात मार होता, रोजचा म्हणावा असा. मी कधी दचकलो नाही. मला काही होतच नसे. ऑफिसात लोक म्हणायचे, किती शांत माणूस! भूक लागली हे मला डोकं दुखायला लागल्यावर कळायचं. भाजलं तर कातडी लाल झालेली बघून कळायचं. बायको विचारायची, राग आलाय का, आणि मी खरं तेच सांगायचो की माहीत नाही. शांत वगैरे काही नव्हतं, ती बधिरता होती.

मला ध्यान शिकवलं गेलं. अंगाकडे पायापासून डोक्यापर्यंत लक्ष द्या. लक्ष दिलं तर काही सापडेना, आणि सापडायला लागलं तेव्हा एकदम इतकं की दोन रात्री झोप नाही. सैल होताना भीती वाढते असं काहींचं होतं, हे १९८३ सालापासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात अर्थ आहे. ज्या घरात बेसावध राहिलं की फटका बसतो तिथे वाढलेल्याला सैल होणं म्हणजे आराम कसा वाटेल?

माझ्या उपचारकाने ध्यान बंद करायला लावलं. वजनं उचलायला पाठवलं. हसू नका. वजन उचलताना पाय कुठे आहेत, पाठ सरळ आहे का, किती जड आहे, हे कळावंच लागतं, नाहीतर पडतं. संवेदना स्पष्ट, थोडा वेळ, आणि खाली ठेवलं की संपली. त्यातून मला आधी दाब कळू लागला, मग थकवा, मग भूक. राग सगळ्यात शेवटी आला. तो आला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, हा बिघडला. उपचारक म्हणाले, चांगलं चाललंय.

ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. मी पहिल्याच टप्प्यात इतका काळ होतो की मला वाटायचं, मी नापास झालोय. आता वाटतं, माझं बरंचसं काम त्या पहिल्या टप्प्याचंच होतं.

मनोवैद्य

पोहरा, तुम्ही सांगताय ते चित्र वारंवार आणि दीर्घकाळ झालेल्या आघातात जास्त दिसतं. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, जटिल पीटीएसडी हे त्याचं वेगळं निदान आहे. दचकणाऱ्याला आणि बधिर झालेल्याला एकच तंत्र देऊन चालत नाही. दोन दिवसांच्या शिबिरांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच. समोर पन्नास माणसं, कोणाचं काय आहे ते विचारलेलं नाही, आणि सगळ्यांना एकदम खोलात नेलं जातं.

तिरकस

डॉक्टर, थरथरून आघात बाहेर टाकण्याचं काय? हरीण वाघापासून सुटल्यावर थरथरतं म्हणून आपणही थरथरावं, असा युक्तिवाद असतो.

मनोवैद्य

पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग पद्धतीचा उगम त्या प्रकारच्या निरीक्षणात आहे. हरणाची उपमा मला फारशी पटत नाही, पण पद्धत म्हणजे नुसतं थरथरणं नव्हे. थोडंसं अस्वस्थ करणारं, मग परत आधाराच्या संवेदनेकडे, असं आलटूनपालटून चिमूटभर मात्रेत चालतं. २०१७ साली ६३ जणांवर तिची पहिली यादृच्छिक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली, निकाल चांगला होता. पुरावा आहे, पण पातळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी शिफारस केली ती आघातकेंद्री वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करण्याचा उपचार) यांची. माझा क्रमही तोच आहे. आधी हे बघा. शरीराचं काम त्याच्या जोडीला. किंवा ते झेपत नसेल तर त्याच्या आधी, तयारी म्हणून.

उलट बाजूही सांगायला हवी. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावणं एके काळी सर्रास चालायचं. त्याने पीटीएसडी टळत नाही, काहींना त्रास वाढू शकतो, हे तपासात दिसल्यावर ते आता करू नये असं सांगतात. नको असताना बोलायला लावणं आणि नको असताना अंगाला जाणवायला लावणं, या दोन्हीत माणसाची मर्जी डावलली जाते.

कातरवेळ, तुमच्या वडिलांचं राहिलं. अतिदक्षता विभागातून आलेल्यांत हे बरंच दिसतं, आणि अनेकदा आठवणी तुटक, भ्रमाच्या अवस्थेतल्या असतात. काही ठिकाणी परिचारिका आणि नातेवाईक त्या काळाची रोजनिशी ठेवतात आणि नंतर रुग्णाला देतात. २०१० मध्ये ३५२ रुग्णांच्या अभ्यासात रोजनिशी मिळालेल्यांत नव्याने पीटीएसडी होण्याचं प्रमाण ५ टक्के, न मिळालेल्यांत १३ टक्के होतं. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. तरी बीप कशाची होती, हात का बांधलेले होते, नळी कधी काढली, हे कोणीतरी शांतपणे सांगितलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. त्यांनी विचारलं तर सांगा. मायक्रोवेव्हचा आवाज बंद करून टाकू नका, पण तो वाजणार आहे हे आधी सांगा.

आणि हे सगळ्यांसाठी : जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर श्वास, योग, वजनं सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना गाठा.

कातरवेळ

धन्यवाद डॉक्टर. हात बांधलेले होते हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नाही. त्यांना आठवत नसेल असं धरून चाललो होतो.

नवखा_प्रवासी

आजवर नुसता वाचक होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. निर्झरा, तुम्हाला विचारलेलं चालणार असेल तर. माझ्या बायकोच्या बाबतीत लग्नाआधी असंच काही घडलं होतं, तिने मला सांगितलंय. मी मागून येऊन मिठी मारली किंवा झोपेत हात लागला की ती ताठ होते, मग माझीच माफी मागते. मी काय करावं? लांब राहावं का?

निर्झरा

चालेल. लांब राहू नका, लांब राहिलात तर तिला वाटेल तिचंच चुकलं. समोरून या. खोलीत शिरण्याआधी आवाज द्या, ती पाठमोरी असेल तर नक्कीच. ‘जवळ येऊ का’ हे सुरुवातीला मोठ्याने विचारावं लागेल, विचित्र वाटेल, विचारा तरीही. ती नाही म्हणाली तर ‘बरं’ म्हणून जे करत होतात ते करत राहा, चेहरा पाडू नका. तुमचा चेहरा सांभाळायला लागला की ती पुढच्या वेळी मनात नसताना हो म्हणेल.

झोपेत ताठ झाली तर धरून ठेवू नका. हात काढा, तिचं नाव घ्या, तुमचं नाव सांगा, दिवा लावा. ती माफी मागेल तेव्हा ‘अगं काही नाही’ म्हणण्यापेक्षा ‘माफी कशाची’ एवढंच म्हणा. आणि मिठीला सुरुवात काही काळ तिला करू द्या, सोडायचीही तिनेच.

नवखा_प्रवासी

दिवा लावायचं लक्षात आलं नव्हतं. मी आजवर अंधारातच समजावत बसायचो. आधी तिला हा धागा वाचायला देतो, मग तिलाच विचारतो यातलं काय हवंय.